बाळंतपणाची पगारी रजा कशी घ्यायची: जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन नोकरीला लागलेल्यांसाठी

चटई कारखाना असो, दालमिल असो, पाइप कंपनी असो नाहीतर मॉलचं काउंटर, नवीन लागलेल्या पोरींचा प्रश्न ठरलेला असतो, "रजा मांगी तं काढी टाकतीन का?" आणि पुष्कळदा तिनं विचारायच्या आधीच कोणीतरी सांगून मोकळं होतं की तू कंत्राटी, तुले काही भेटाव नही. मग ती सातव्या महिन्यात राजीनामा लिहून माहेरी जाते आणि हक्काचा सहा महिन्यांचा पगार तिथंच राहतो. मी पगार-हजेरीच्या टेबलावर बसते, हे कागद रोज हातातून जातात, आणि पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कायद्यात नसल्यामुळे बुडत नाहीत, कागद वेळेवर न दिल्यामुळे बुडतात. म्हणून पाचवा महिना लागायच्या आत हे सगळं वाचून घ्या, नवऱ्यालाही वाचायला द्या.

आधी बघा, तुम्ही कुठल्या खात्यात बसता

रजा सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळत नाही, आणि पहिला घोळ इथंच होतो.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तुम्ही बहुतेक ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) आहात. पगार स्लिप काढा, ईएसआय म्हणून ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. १८,००० पगार असेल तर १३५ रुपये कापले जातात, मालक वरून ३.२५ टक्के म्हणजे ५८५ भरतो. कपात दिसत असेल तर तुमचा दहा आकडी इन्शुरन्स नंबर मागून घ्या आणि त्यावर पैसे खरंच जमा होतात का ते ईएसआयसीच्या पोर्टलवर तपासा. स्लिपवर कपात आहे पण नंबरच दिला नाही असं असेल तर त्याच दिवशी विचारायला लागा, आठव्या महिन्यात नको. ईएसआयसीत असाल तर रजेचा पैसा ईएसआयसी थेट तुमच्या बँक खात्यात टाकते, मालकाच्या खिशातून जात नाही, आणि हे पुष्कळ छोट्या मालकांनाच माहीत नसतं, उगाच घाबरतात. त्यांना हे शांतपणे समजावलं तर अर्धी कटकट तिथंच मिटते.

पगार २१,००० च्या वर असेल तर पैसे मालकानं द्यायचे. याचा कायदा, म्हणजे प्रसूती लाभ कायदा, १९६१ चा, २०१७ मध्ये त्यात मोठी सुधारणा होऊन १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले तेव्हा हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. एचआरवाला "आता तो जुना कायदा राहिला नाही" असं म्हणाला तर घाबरू नका, कायद्याचं नाव बदललं, २६ आठवडे तेच आहेत.

सरकारी नोकरीत, म्हणजे जिल्हा परिषद, महसूल, अनुदानित शाळा, तिथं नियम वेगळे, १८० दिवस पूर्ण पगारी प्रसूती रजा, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर. त्यावर राज्य सरकारनं २०१८ मध्ये बालसंगोपन रजा दिली, पूर्ण नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत कधीही. भुसावळला रेल्वेत असाल तर केंद्राचा हिशोब, प्रसूती रजा १८० दिवस आणि बालसंगोपन रजा ७३० दिवस, त्यात पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार आणि पुढच्या ३६५ ला ८० टक्के. अंगणवाडी सेविकांनाही १८० दिवस मानधनासह रजा आहे.

आणि जिथं दहापेक्षा कमी माणसं, साडीचं छोटं दुकान, घरगुती पापड-मसाल्याचा धंदा, किंवा रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोजंदारी, तिथं ही पगारी रजा लागू होत नाही. हे मला पटत नाही, जिला गरज सगळ्यात जास्त तीच बाहेर राहते, पण आज कायदा असाच आहे. अशा बायांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म अंगणवाडीत नाहीतर आशाताईंकडे भरावा, पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. बांधकामावर जात असाल आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी चालू असेल तर तिथूनही नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझरला २०,००० मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. आता पुढचं सगळं मुख्यतः खाजगी नोकरीवाल्यांसाठी.

दिवस मोजा

मालकाकडून रजा घ्यायची तर डिलिव्हरीच्या अंदाजे तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं पाहिजे. ८० च. पगारी सुट्टीचे आणि ले-ऑफचे, म्हणजे काम नाही म्हणून मालकानं बसवलेले दिवसही यात धरतात. वर्ष पूर्ण व्हायला पाहिजे, परमनंट पाहिजे, प्रोबेशन संपलेलं पाहिजे, यातलं एकही कायद्यात नाही. रोजंदारीवरच्या बायांनाही हा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये सांगून टाकलं. आणि ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट रजेच्या मध्येच संपलं तरी? २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की पात्रता पूर्ण झाली असेल तर कॉन्ट्रॅक्टच्या तारखेनंतरचेही रजेचे पैसे द्यावे लागतील. हे दोन निकाल लक्षात ठेवा, "तू कंत्राटी" याला उत्तर म्हणून एवढे पुरे आहेत.

ईएसआयसीत हिशोब थोडा किचकट, आणि नवीन लागलेल्यांनी इथं नीट लक्ष द्या. वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमची डिलिव्हरी जुलै ते डिसेंबरमध्ये असेल तर आधी संपलेला ऑक्टोबर-मार्च आणि त्याच्याही आधीचा एप्रिल-सप्टेंबर असे दोन्ही भाग मिळून ७० दिवसांची वर्गणी जमा पाहिजे. डिलिव्हरी जानेवारी ते जूनमध्ये असेल तर आधीचा एप्रिल-सप्टेंबर आणि त्याच्या मागचा ऑक्टोबर-मार्च बघतात. म्हणजे जूनमध्ये नोकरी लागली आणि ऑक्टोबरमध्ये डिलिव्हरी असं असेल तर ७० भरत नाहीत. नोकरी बदलताना मध्ये गॅप पडला असेल तर जुन्या कंपनीतले दिवसही मोजले जातात, फक्त इन्शुरन्स नंबर तोच चालू ठेवा, नवीन कंपनीला "माझा आधीचा नंबर आहे" असं पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर ते दुसरा काढून देतात आणि दिवस दोन ठिकाणी वाटले जातात.

माहेरी कधी निघायचं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात नाहीतर आठव्यात पोरगी निघते, अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ असेल तर आई आधीच बोलावणं पाठवते. पण रजेचं गणित वेगळं आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे वापरता येतात. सातव्याच्या सुरुवातीला निघालात तर मधले दिवस बिनपगारी किंवा तुमच्या शिल्लक रजेतून जातील.

उदाहरण बघा. डॉक्टरांनी २० ऑक्टोबर तारीख दिली. आठ आठवडे आधी म्हणजे २५ ऑगस्टपासून रजा लावली तर १८२ दिवस २२ फेब्रुवारीला संपतात, २३ ला कामावर. त्यापेक्षा चारच आठवडे आधी, २२ सप्टेंबरला निघालात, तर रजा २२ मार्चपर्यंत जाते आणि बाळासोबत जवळजवळ एक महिना जास्त मिळतो. तब्येत साथ देत असेल, काम बसून असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे. पण बीपी असेल, आधी काही त्रास झाला असेल, कारखान्यात उभं राहून काम असेल तर तारखेच्या मागे लागू नका, निघा. डिलिव्हरीनंतरचे सहा आठवडे तर मालकानं कामावर घेणंच बेकायदेशीर आहे, तुम्ही स्वतः तयार असलात तरी.

अजून एक गोष्ट, जी दालमिल आणि चटई कारखान्यातल्या बायांना कोणी सांगत नाही. शेवटच्या सहा आठवड्यांच्या आधीचा जो एक महिना असतो त्यात तुम्ही मागितलं तर तासन्‌तास उभं राहायचं, ओझं उचलायचं काम मालक देऊ शकत नाही. निवडणीच्या पट्ट्यावरून पॅकिंगच्या टेबलावर बसायला मागा, लेखी मागा. त्यासाठी पगार कापता येत नाही.

तिसऱ्या वेळेस, म्हणजे आधीच दोन हयात मुलं असतील, तर रजा १२ आठवडे आणि त्यातले आधी वापरायचे जास्तीत जास्त ६. दत्तक आणि सरोगसीत १२ आठवडे, बाळ हातात आल्याच्या दिवसापासून.

अर्ज

तोंडी सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. सुपरवायझर "हो जा" म्हणतो आणि तीन महिन्यांनी त्याचीच बदली झालेली असते, मग कंपनी म्हणते ही न सांगता गेली. अर्ज दोन प्रतींत करा, एक द्या आणि दुसरीवर, म्हणजे तुमच्याकडे राहणाऱ्या ओसीवर (ऑफिस कॉपीवर), सही, शिक्का, तारीख घ्या. घेत नसतील तर ईमेल करा आणि वर रजिस्टर पोस्टानंही पाठवा, पावती सांभाळा. ठेकेदाराकडे असाल तर एक प्रत ठेकेदाराला, एक मूळ कंपनीला. मजकूर साधा चालतो, असा:

"प्रति, व्यवस्थापक साहेब. मी आपल्याकडे अमुक विभागात अमुक तारखेपासून काम करते. मी गरोदर असून डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे प्रसूतीची अंदाजे तारीख २० ऑक्टोबर आहे. मी २२ सप्टेंबरपासून २६ आठवडे प्रसूती रजेवर जात आहे. या काळात मी दुसरीकडे कुठेही काम करणार नाही. रजेच्या काळातली रक्कम माझ्या पगाराच्या बँक खात्यात जमा करावी, मी नसल्यास ती माझी आई, नाव अमुक, यांना द्यावी. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आपली विश्वासू."

बस एवढंच. यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत, रजा कधीपासून, दुसरीकडे काम करणार नाही, पैसे कोणाला, आणि दाखला. दुसरीकडे काम न करण्याचं वाक्य शोभेचं नाही बरं का, माहेरी गेल्यावर भावाच्या मेडिकलवर पगार घेऊन बसलात आणि ते पुढे आलं तर तेवढ्या काळाचा हक्क जातो. अर्ज आधी द्यायचा राहिलाच, अचानक आठव्यात डिलिव्हरी झाली, तर नंतर लवकरात लवकर द्या, उशिरा अर्ज दिला म्हणून हक्क संपत नाही.

ईएसआयसीवाल्यांनी माहेरी निघायच्या आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे जाऊन यायचंच. नोकरी जळगावला आणि माहेर शहाद्याला असं असेल तर डिलिव्हरी तिकडच्या दवाखान्यात होणार, मग सर्टिफिकेट कसं घ्यायचं, कुठले कागद सांभाळायचे हे आधीच विचारून ठेवा. क्लेम आता ऑनलाइनही टाकता येतो, पण त्यासाठी आधार आणि बँक खातं तुमच्या इन्शुरन्स नंबरला जोडलेलं लागतं आणि मोबाइल नंबर तुमचाच पाहिजे. नवऱ्याचा नाहीतर ठेकेदाराच्या मुनीमाचा नंबर टाकलेला असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि तुम्ही माहेरी बसून फोन करत राहता.

पिशवीत काय काय ठेवायचं: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, तारखेचा डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, मागच्या वर्षाच्या पगार स्लिपा. स्लिप देतच नसतील तर बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, गेटपास, हजेरीच्या ग्रुपवरचे मेसेज, हे सगळं नोकरीचा पुरावा म्हणून कामी येतं, फोटो काढून ठेवा. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत होते आहे ना ते दवाखान्यात विचारा, उशीर झाला की दाखला अडतो आणि दाखल्यासोबत पैसेही.

पैसे किती आणि कधी

मालकाकडून असतील तर रजेच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्ही जेवढे दिवस काम केलं त्याची रोजची सरासरी काढायची, तो तुमचा दर. रोजावर असाल तर रविवार धरतात का, हा इथला सगळ्यात मोठा वाद. धरतात. सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच हे सांगितलं आहे की आठवडा म्हणजे सात दिवस. समजा एखादी पोरगी ९०० रुपये रोजावर लॅबमध्ये आहे, १८२ दिवसांचे १,६३,८०० होतात, आणि रविवार वगळून १५६ दिवस धरले तर १,४०,४००. फरक २३,४०० रुपयांचा, म्हणजे तिचा एक महिन्याचा पगार. हिशोबाचा कागद मागा आणि स्वतः मोजा.

डिलिव्हरीच्या आधीच्या दिवसांची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची असते आणि उरलेली बाळ झाल्याचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्या महिन्याच्या महिन्याला पगारासारखी टाकतात, वेळेवर येत असेल तर त्यातही वावगं नाही. कंपनीनं बाळंतपणाची औषधपाण्याची मोफत सोय केली नसेल तर वरून ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस.

ईएसआयसीत सरासरी रोजच्या पगाराच्या पूर्ण १०० टक्के मिळतात, १८२ दिवस. जवळपास ईएसआयची सोय नसल्यामुळे बाहेर डिलिव्हरी करावी लागली तर दोन बाळंतपणांपर्यंत प्रत्येकी ७,५०० रुपये खर्चापोटी वेगळे.

बाळ राहिलं नाही तर

यावर घरात कोणी बोलत नाही आणि ऑफिसात तर नाहीच, बाई चार दिवसांत परत कामावर येते. गर्भपात झाला किंवा डॉक्टरांना करावा लागला तर त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा आहे, दवाखान्याच्या कागदावर मिळते. कारण सुपरवायझरला सांगत बसायची गरज नाही, कागद बंद पाकिटात ऑफिसला द्या. बाळंतपणातून आजारपण आलं, बाळ दिवसाआधी झालं, तर २६ आठवड्यांच्या वर अजून एक महिना मिळतो. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला दोन आठवडे. या सगळ्या रजा आहेत, मेहेरबानी नाही, घ्या.

बापाचं काय

खाजगी नोकरीत बापाला बाळंतपणाची पगारी रजा कायद्यानं मिळत नाही. २०१७ मध्ये हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व रजेचं खाजगी विधेयक मांडलं होतं, ते पास झालं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र १५ दिवस आहेत, बाळ झाल्यापासून सहा महिन्यांत घ्यायचे, भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी हे सोडू नये.

बाकीच्यांनी आपल्या शिल्लक रजा मोजाव्यात. वीस किंवा जास्त माणसांच्या दुकानात, ऑफिसात महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आहेत, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. लग्नसराईत आणि कानबाईच्या रोटांना सगळ्या उडवण्यापेक्षा दहा-पंधरा बाळासाठी बाजूला ठेवा, आणि त्या बायकोच्या डिस्चार्जच्या दिवशी घेण्यापेक्षा ती माहेराहून परत येते तेव्हा घ्या. माहेरी तिच्या हाताखाली आई असते, बहीण असते, परत आल्यावर रात्रीच्या जागरणाला कोणीच नसतं.

परत आल्यावर

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त दोन वेळा दूध पाजायला सुट्टी मिळते, पगार न कापता. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर ठेवावं लागतं आणि दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यावं लागतं. आपल्याकडच्या किती कारखान्यांत ते चालू आहे ते तुम्हीच बघता, पण मागणी चार-पाच जणींनी मिळून लेखी दिली की फाईल हलते, एकटीनं तोंडी विचारलं की नाही. काम घरून होण्यासारखं असेल, अकाउंट्स, डेटा एन्ट्री, तर रजेनंतर काही दिवस घरून काम मालकाशी बोलून ठरवता येतं.

नाहीच दिली तर

रजेवर असताना किंवा रजेमुळे नोकरीवरून काढणं, पगार-पद कमी करणं बेकायदेशीर आहे. दबाव आला तरी राजीनाम्यावर सही करू नका, "घरगुती कारणानं सोडत आहे" असं तुमच्या हातानं लिहून घेतात आणि मग केसमध्ये तोच कागद पुढे येतो. काढल्याचं पत्र मिळालं तर ६० दिवसांत अपील करायचं असतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात, ईएसआयसीचा विषय असेल तर ईएसआयसीच्या शाखेत, साध्या कागदावर, अर्जाची ओसी आणि पुरावे जोडून. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बायांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, फोन १५१००. बाळ लहान असेल तर पहिल्या वेळेस नवऱ्याला नाहीतर भावाला कागद घेऊन पाठवा, तक्रारीवर सही मात्र तुमची पाहिजे.